मेंदूच्या अंकुरांचा शोधक : सांतियागो रामोन इ काहाल

स्पेन देशांतील पेतीया नांवाच्या डोंगरी खेड्यांत ता. १ मे १८५२ रोजीं सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. वडील शस्त्रवैद्य असून मोठे करारी होते. मुलाला मात्र पुस्तकांपेक्षां चित्रें काढण्याचें वेड! शाळेंत मार, घरीं बोलणीं व गांवांत खोड्या असा त्याचा क्रम असे. घरींच बनविलेल्या तोफेनें शेजाऱ्याचें फाटक उडविल्यामुळें अकरा वर्षांच्या या मुलास कांहीं दिवस कोठडींत काढावे लागले. अभ्यासांत लक्ष लागेना, म्हणून वडिलांनीं त्याला न्हाव्याच्या व जोडे करणाऱ्या कारागिराच्या हाताखालीं घातलें.

परंतु १८६८ सालीं वडिलांनीं एक युक्ति योजिली. त्यांनीं मुलाला एका जुन्या कबरस्तानांत नेलें, आणि तेथें उघडीं पडलेलीं हाडें गोळा करून त्यांचीं चित्रें त्याजकडून काढविलीं. ज्या कलेपायीं मार खाल्ला, तिच्याच वाटेनें सांतियागो शरीरशास्त्रांत शिरला. १८७३ सालीं सारागोसा येथें त्यानें वैद्यकीची पदवी मिळविली. पुढें लष्करी डॉक्टर म्हणून काहाल क्यूबा बेटांत गेले व हिवतापानें खंगून परतले. शिल्लक राहिलेल्या पगारांतून त्यांनीं एक सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतलें.

मेंदूंतील सर्व तंतू एकमेकांत मिसळून त्यांचें एकच अखंड जाळें झालेलें आहे, असें त्या काळीं पुष्कळ पंडित मानीत. इटलींतील कामिल्लो गॉल्जी यांचेंही मत तेंच होतें. मज्जापेशी चांदीच्या क्षारानें काळ्या रंगविण्याची गॉल्जींची रीति काहाल यांनीं १८८७ सालीं माद्रिद येथें पाहिली, व तींत सुधारणा करून पक्ष्यांच्या आणि लहान पिलांच्या मेंदूंचे काप तपासिले. प्रत्येक पेशी स्वतंत्र असून ती शेजारणीस भिडते, पण तिच्यांत मिसळून जात नाहीं, असें १८८८ सालीं त्यांना आढळलें. स्पॅनिश लेख बाहेर कोण वाचणार? १८८९ सालीं ते आपले काप घेऊन स्वतः बर्लिनला गेले व थोर जर्मन पंडितांची खात्री पटवून आले.

पुढें १८९० सालीं गर्भांतील मज्जातंतूच्या टोंकाशीं त्यांना एक इवलासा कोंब दिसला. तो वाट शोधीत पुढें सरकतो. त्याला दिशा कोण दाखवितें? पेशींतून कांहीं रासायनिक द्रव्य पाझरून तंतूला आपणाकडे ओढीत असावें, असा तर्क त्यांनीं १८९२ सालीं मांडिला. अभ्यासानें पेशींच्या फांद्या व संबंध वाढतात, आणि कौशल्याचें मूळ तेथेंच आहे, असेंही त्यांनीं १८९४ सालीं लंडनच्या व्याख्यानांत प्रतिपादिलें.

१९०६ सालचें नोबेल पारितोषिक काहाल व गॉल्जी यांना विभागून मिळालें. पण गॉल्जींनीं त्याच प्रसंगीं आपल्या भाषणांत काहाल यांच्या सिद्धान्तास विरोध केला! काहाल आपलें काम करीत राहिले. ता. १७ ऑक्टोबर १९३४ रोजीं माद्रिद येथें त्यांचें निधन झालें. तें द्रव्य तोंवर कोणाच्या हातीं लागलें नव्हतें.

१९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील सेंट लुइस येथें रीता लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅनले कोहेन यांनीं मज्जातंतूंना अंकुर फोडणारें द्रव्य शोधून काढिलें. त्यांना १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच जातीचें दुसरें द्रव्य १९८२ सालीं डुकराच्या मेंदूंतून वेगळें करण्यांत आलें. त्यास बी.डी.एन.एफ. म्हणतात. मेंदूच्या हिपोकॅम्पस नांवाच्या भागांत तें पेशींचे संबंध बळकट करितें व स्मृति टिकविण्यास साह्य करितें. चाकावर धांवणाऱ्या उंदरांत तें वाढतें, आणि दीर्घकाळ त्रासांत ठेविलेल्या उंदरांत तें घटतें, असें प्रयोगांत दिसून आलें आहे.

विद्यार्थी मित्रहो, परमेश्वरानें दिलेला मेंदू हा घडवून संपलेला दगड नव्हे; ती वाढती वेल आहे. अभ्यास, खेळ व शांत मन हें तिचें खतपाणी होय. आणि पालकांनीं हें ध्यानीं धरावें, कीं ज्या मुलास आज सारे निरुपयोगी म्हणतात, त्याच्या अंगच्या एका आवडीला योग्य वाट दाखविली, तर त्यांतूनच काहाल यांच्यासारखा ज्ञानसेवक निर्माण होऊं शकतो.