साने गुरुजी : मातृऋण आणि त्याची फेड

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका थोर मराठी माणसाचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा आमच्यापुढे अनेक नावे आली. दिल्ली आणि मराठी माणूस असा विषय निघाला की महादजी शिंद्यांपासून चिंतामणराव देशमुखांपर्यंत कितीतरी कर्तृत्ववान पुरुष डोळ्यांपुढे उभे राहतात. या राजधानीत ज्यांचा शब्द चालला, अशी ती माणसे. तरीही आम्ही निवडले ते पांडुरंग सदाशिव साने यांना, ज्यांनी कधी सत्तेची हाव धरली नाही आणि ज्यांचे सारे आयुष्य खानदेश, कोकण आणि तुरुंग यांतच बहुतांशी गेले.

याचे कारण सांगितले पाहिजे. करोल बाग, पहाडगंज, सरोजिनी नगरची सरकारी क्वार्टरे आणि अलीकडे नोएडा-गुरगावच्या उंच इमारती, असे कोठेही मराठी बिऱ्हाड असो, तेथील पुस्तकांच्या फळीवर 'श्यामची आई' बहुधा सापडतेच. आम्ही सारे कोणी नोकरीसाठी, कोणी शिक्षणासाठी, कोणी लग्न होऊन या नगरीत आलो. आमच्या मागे गावाकडे एक घर राहिले, आणि त्या घरात आम्हांला धाडण्यासाठी आपल्या तोंडचा घास बाजूला ठेवणारी माणसे राहिली. त्यांचे काय देणे लागतो, हा प्रश्न ज्याला पडला, त्याला गुरुजींच्या चरित्राकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड नावाचे गाव आहे. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी गुरुजींचा जन्म झाला. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणे खोताचे, आजोबांच्या काळी घरात सुबत्ता होती. पुढे भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांनी ती सुबत्ता ओसरली. एकत्र कुटुंबातून बाहेर पडावे लागले. एके काळी ज्या घराला गाव मान देत असे, त्याच घरावर सावकाराची जप्ती येण्याची पाळी आली. गरिबी जन्मापासून असली तर तिची सवय होते. चांगले दिवस पाहिलेल्या माणसाला ती अधिक बोचते. यशोदाबाईंच्या वाट्याला आली ती ही दुसऱ्या प्रकारची गरिबी.

अशाही स्थितीत मुलांचे शिक्षण थांबता कामा नये, हा त्या माउलीचा आणि सदाशिवरावांचा निश्चय होता. गुरुजी पालगडच्या शाळेतून दापोलीच्या मिशन शाळेत गेले. घरची ओढाताण वाढली तेव्हा, गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची तेथे सोय होते असे कळल्यावरून, त्यांनी औंध संस्थानाची वाट धरली. तेथे प्लेग आला आणि परत फिरावे लागले. मग पुणे. नूतन मराठी विद्यालयात शिक्षण, आणि जेवणासाठी कोणाकडे वार, तर कधी अर्धपोटी दिवस. इकडे घरी आईची प्रकृती खालावत चालली होती. मुलाच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून घरचे दुखणे त्याला फारसे कळविलेच जात नव्हते. १९१७ साली यशोदाबाई गेल्या. गुरुजी पुण्याहून निघून घरी पोचले तेव्हा सारे आटोपले होते. वयाच्या अठराव्या वर्षी या मुलाला आईचे अखेरचे दर्शनही घडले नाही.

दिल्लीत राहणाऱ्या आम्हां लोकांना या एका प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तार हातात पडल्यावर मिळेल त्या गाडीत बसून, डब्याच्या दाराशी ट्रंकेवर रात्र काढून, भुसावळ-मनमाडची स्टेशने मोजीत गेलेली माणसे आमच्यात आहेत. आता विमाने आली, दूरध्वनी खिशात आला. परंतु उशीर व्हायचा तो अजूनही होतोच.

आई गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, गुरुजी मॅट्रिक झाले. नंतर पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेतून, ते पदवीधर झाले आणि एम. ए.ही झाले. ज्या विद्येसाठी आईने इतके सोसले, ती पदरात पडली तेव्हा पाहायला आई नव्हती. अशा वेळी माणूस एक तर हळहळत बसतो किंवा फोटोला हार घालून मोकळा होतो. गुरुजींनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी जे केले, त्यातच त्यांच्या चरित्राचे मर्म आहे असे आम्हांला वाटते.

१९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथील छात्रालय त्यांच्याकडे आले. आईबापांपासून दूर राहिलेली खेड्यापाड्यांतील मुले तेथे असत. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत, पसरलेली अंथरुणे आवरीत, मळलेले कपडे धुऊन टाकीत, आजारी मुलाच्या उशाशी बसून रात्र काढीत. पगारातला मोठा भाग गरीब मुलांच्या फीत आणि पुस्तकांत जाई. पहिल्यांदा मुलांना हसू आले, मग संकोच वाटू लागला, आणि शेवटी ती स्वतःच झाडू हाती घेऊ लागली. एम. ए. झालेला शिक्षक जी कामे करीत होता, ती सारी आईची कामे होती. आईला परत करता न आलेले ऋण त्यांनी असे दुसऱ्यांच्या लेकरांना परत केले.

१९३० साली त्यांनी नोकरी सोडून सविनय कायदेभंगात उडी घेतली आणि तुरुंगवास सुरू झाला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांचे सोबती भेटले. त्यांच्याकडून ते तमिळ, बंगाली शिकले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती लिहून घेणारा हात गुरुजींचाच. 'गीताप्रवचने' हा ग्रंथ त्यामुळेच आपल्याला लाभला.

पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' जन्माला आली. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लेखणी उचलली आणि १३ तारखेपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत, तुरुंगातील काम सांभाळून पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशी त्याची साधी बांधणी. आई जाऊन सोळा वर्षे लोटली होती. त्या वर्षांत जे साठले होते ते पाच दिवसांत कागदावर उतरले.

हे पुस्तक लहानपणी वाचताना आम्ही रडलो. परंतु प्रौढपणी पुन्हा हाती घेतले तेव्हा दिसले ते असे, की त्यात मोठी घटना जवळजवळ नाहीच. पत्रावळ लावणे, पोहायला शिकणे, अळणी झालेली भाजी, दिवाळीचा एक दिवस, एवढ्याच गोष्टी. भाजीत मीठ नाही हे वडील मुकाट्याने सोसतात, कारण रांधणारीला वाईट वाटू नये. भाऊबीजेचे पैसे आई स्वतःसाठी न ठेवता वडिलांच्या फाटक्या धोतराऐवजी नवे आणण्यात खर्च करते. श्याम आपल्या पैशांतून थोडे थोडे मागे टाकून धाकट्या भावाला कोट शिवतो. घरात पैसा नव्हता, पण एकमेकांच्या मनाकडे पाहण्याची दृष्टी होती. आपल्याजवळ काय नाही याची यादी सर्वांनाच पाठ असते. काय आहे, हे वाङ्मय दाखवून देते. या पुस्तकाने कित्येक पिढ्यांना स्वतःच्या घराकडे नव्याने पाहायला लावले.

एक शंका मात्र येथे घेतली पाहिजे, कारण आमच्या मुली-सुनांनी ती आम्हांला विचारली आहे. आईच्या त्यागाचे असे गोडवे गाऊन आपण तिने त्याग करीतच राहावे असे तर सुचवीत नाही ना? शंका रास्त आहे. त्यागाची आरती ओवाळली की तो करणारीचे कष्ट आपोआप कमी होत नाहीत. परंतु या शंकेचे उत्तर गुरुजींच्या वागण्यातच आहे. त्यांच्या पुस्तकातील श्याम आईच्या दुखण्यात चुलीपाशी बसतो, घरकाम शिकतो. पुरुषाच्या अंगी स्त्रीचे गुण असावेत असे त्याला मनापासून वाटते. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजींनी तेच आचरून दाखविले. त्यांच्या लेखी कृतज्ञता म्हणजे हात जोडणे एवढेच नव्हते, तर त्याच हातांनी कामाचा वाटा उचलणे होते. आम्ही त्यांच्यापासून रडणे घेतले आणि झाडू तेवढा विसरलो, असे कधी कधी वाटते.

आईची शिकवण घराच्या उंबऱ्यापाशी थांबली नाही. लाकडांची मोळी उचलू न शकणाऱ्या अस्पृश्य वृद्धेला हात देण्यास श्यामला पाठविणारी आई पुस्तकात भेटते. त्याच श्यामने पुढे मोठेपणी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतातील भाषाभगिनींनी एकमेकींना ओळखावे, यासाठी 'आंतरभारती'ची कल्पना त्यांनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. शेजारी पंजाबी, वरच्या मजल्यावर बंगाली आणि समोर तमिळ अशा वस्तीत आयुष्य घालविलेल्या आम्हां दिल्लीकरांना ही कल्पना पुस्तकी वाटत नाही. आमच्या जिन्यावर ती रोज नांदते.

स्वातंत्र्यानंतरचे दिवस गुरुजींना जड गेले. गांधीजींच्या हत्येने ते खचले. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याही काळात आपल्या लहानग्या पुतणीला ते प्रेमाने लांबलचक पत्रे लिहीत. ती 'सुंदर पत्रे' म्हणून मराठी घरांतून वाचली गेली. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. साऱ्यांची दुःखे पोटात घेणाऱ्या या माणसाचे दुःख वाटून घेण्यास आपण कमी पडलो, ही खंत महाराष्ट्राला राहिली. इतरांची आई झालेल्या माणसालाही कोणीतरी आई हवी असते, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतो.

गुरुजी गेल्यावर त्यांची आई मात्र दिल्लीला आली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली 'श्यामची आई' हा चित्रपट काढला. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत मराठी साहित्य संमेलन भरले होते. पुढे एकाहत्तर वर्षांनी, २०२५ साली, ताराबाई भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन पुन्हा राजधानीत आले. आणि त्याच वर्षी 'श्यामची आई'वरील नव्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार येथेच मिळाला. पालगडच्या एका कर्जबाजारी घरातील, हयातीत ज्यांना फारसे कोणी ओळखले नाही अशा यशोदाबाई अशा दोनदा राजधानीत सन्मानित झाल्या.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी सतरंज्या अंथरून आणि वर्गणीच्या पावत्या फाडून हे मंडळ उभे केले, त्यांच्या घरांतही कोणीतरी उशिरापर्यंत जेवणासाठी खोळंबून राहिले होते. पाहुण्यांसाठी कितीदा तरी स्वयंपाक झाले, गणेशोत्सवाच्या मोदकांची पुरणे वाटली गेली, नाटकांचे पोशाख घरीच शिवले गेले. त्या हातांची नावे अहवालांत आढळत नाहीत. त्यांपैकी काही हात आज थकले आहेत, पण आपल्यात आहेत. गुरुजींना जी संधी मिळाली नाही, ती अजून आमच्यापैकी अनेकांना आहे. त्यांना उशीर झाला होता. आमचा झालेला नाही. तो होण्यापूर्वी घरी जावे, आईजवळ बसावे आणि जमल्यास तिच्या हातचे काम आपल्या हाती घ्यावे, एवढे या निमित्ताने सुचवून गुरुजींच्या स्मृतीस आम्ही वंदन करतो.