तारीख सांगण्यास नकार देणारे संत ऑगस्टीन

इ. स. ४१० च्या ऑगस्टमध्ये गॉथ सैन्याने रोम लुटले आणि जगाचा अंत समीप आल्याची भीती साम्राज्यभर पसरली. निर्वासितांचे लोंढे समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आले. तेथील हिप्पो नगरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातील अन्नाबा येथे, संत ऑगस्टीन बिशप होते.

तागास्ते गावी ३५४ साली जन्मलेले, माता संत मोनिका यांच्या अश्रूंनी प्रभूकडे वळलेले आणि ३८७ च्या पास्कासणाला मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हस्ते स्नानसंस्कार स्वीकारलेले ऑगस्टीन आपणा भाविकांना परिचित आहेतच. भविष्यवाणीतील काळाचा अर्थ लावणारे ऑगस्टीन मात्र तितकेसे परिचित नाहीत.

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातील हजार वर्षे म्हणजे पृथ्वीवर येणारे ख्रिस्तराज्य, असे पूर्वी अनेकजण मानीत. एके काळी ऑगस्टीनही त्या मताचे होते. पुढे त्यांनी ते मत सोडले व तसे मोकळेपणाने लिहून ठेवले. ४१३ ते ४२६ या काळात लिहिलेल्या ‘देवाचे नगर’ या बावीस खंडांच्या ग्रंथात ते या आकड्याचा उलगडा करतात. हजार हा दहाचा घन, म्हणून पूर्णत्वाचे चिन्ह. त्यातून ख्रिस्तसभेचा अवघा काळ सूचित होतो. ख्रिस्ती धर्म ३६५ वर्षांतच लयास जाईल असे भाकीत मूर्तिपूजकांत प्रचलित होते. ती मुदत केव्हाच उलटून गेल्याचेही ऑगस्टीन त्याच ग्रंथात हिशेब मांडून दाखवतात!

खरी कसोटी ४१९ च्या सुमारास लागली. दाल्मातियातील सालोना नगराचे बिशप हेसिकियस यांनी दानिएलाच्या सत्तर सप्तकांविषयी पत्रव्यवहार केला. प्रभूच्या आगमनाचा काळ निदान अंदाजाने तरी कळावा, अशी त्यांची तळमळ होती. ऑगस्टीन यांनी दीर्घ उत्तर धाडले. ती सप्तके ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनाने पूर्ण झाली, असे त्यांचे मत होते. संत योहानाने ज्या काळास शेवटची घटका म्हटले, ती घटका तीनशेहून अधिक वर्षे चालूच होती. तेव्हा पवित्र शास्त्रातील घटका आपल्या घटिकापात्राने कशी मोजावी? शिवाय आफ्रिकेतच असंख्य जमातींच्या कानी शुभवर्तमान पडलेले नव्हते.

याच पत्रात त्यांनी तीन सेवक कल्पिले आहेत. धनी लवकर येईल असे एक म्हणतो, उशिरा येईल असे दुसरा, आणि आपणास ठाऊक नाही असे तिसरा. तिघेही जागे आहेत, तिघांचेही धन्यावर प्रेम आहे. परंतु पहिल्याचे अनुमान चुकले तर ऐकणाऱ्यांचा आगमनावरचाच विश्वास उडेल, ही चिंता ऑगस्टीन यांना होती. त्यांना स्वतःला तिसरा सेवक जवळचा वाटला. एका विद्वान मेंढपाळाने आपले अज्ञान असे मांडावे, हे आम्हांस त्यांच्या पांडित्याहून मोठे वाटते.

४३० साली व्हँडल सैन्याने हिप्पोला वेढा घातला. तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन तापाने अंथरुणास खिळले. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून त्यांनी ती समोरच्या भिंतीवर लावून घेतली. सुमारे दहा दिवस, वैद्य येत वा जेवण आणले जाई तेवढी वेळ सोडून, कोणी आत येऊ नये असे त्यांनी सांगितले होते. ती स्तोत्रे वाचीत, अश्रू ढाळीत त्यांनी २८ ऑगस्ट रोजी देह ठेवला. वेढा तेव्हाही उठला नव्हता.