नाणी तोलणारा इतिहासकार

इतिहास म्हटला की राजांच्या वंशावळी आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु ज्या राजांच्या सनावळ्याच उपलब्ध नाहीत, त्यांचा क्रम लावायचा कसा? हा प्रश्न तराजूने सोडवू पाहणारे थोर विद्वान म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली व बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक. वडिलांबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेस गेले व १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. मायदेशी परतल्यावर बनारस, अलीगढ आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले.

संख्याशास्त्र नुसते पुस्तकातून न शिकता खरा प्रश्न हाती घेऊन शिकावे, असे त्यांनी ठरवले. प्रथम विद्यार्थ्यांचे परीक्षेतील गुण तपासले. मग ते वळले तक्षशिलेस सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांकडे. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, सन नाही. आहेत ती केवळ चिन्हे. परंतु नाणे हातोहात फिरते तसे झिजते. त्यांची सरासरी घटते आणि सारी नाणी सारखी झिजत नसल्याने वजनांतील तफावत वाढते. चालू काळातील हजारो नाणी तोलून कोसंबींनी याची खात्री करून घेतली व झिजेवरून जुन्या नाण्यांचा कालक्रम लावला.

तफावत मोजताना विद्यार्थ्यांना अडते ती ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ची, म्हणजे मुक्तता मात्रेची, कल्पना. संख्याशास्त्रात हे नाव रोनाल्ड फिशर यांनी १९२२ साली रूढ केले. आमच्या जासईत लग्नाच्या पंगतीला दहा पाट मांडले, तर नऊ जण मर्जीने बसतात. दहाव्याला उरलेलाच पाट घ्यावा लागतो. तसेच दहा नाण्यांची सरासरीपासूनची अंतरे, कमी-अधिक धरून, शून्य भरतात. नऊ कळली की दहावे ठरलेलेच. म्हणून अंतरांच्या वर्गांची बेरीज दहाने नव्हे, नऊने भागायची. दहाने भागले तर तफावत खऱ्याहून कमी भासण्याचा कल असतो, आणि तफावत हाच तर झिजेचा पुरावा! हजार नाण्यांत एकाने बिघडत नाही. पाच-दहांच्या गटात निष्कर्ष चुकू शकतो.

पुढे होमी भाभांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले व १९६२ पर्यंत तेथे होते. १९५६ साली भारतीय इतिहासावरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ती नाणी झिजली, ती ज्यांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत अशा माणसांच्या हातांनी. माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्या पूर्वजांचे नाव कोणत्याही बखरीत नाही. म्हणूनच हा इतिहास मला आपला वाटतो. कला शाखेत आलो म्हणजे आकड्यांपासून सुटलो, असे समजणाऱ्या मित्रांनी कोसंबी अवश्य वाचावेत.