ओटो लिलिएन्थाल : दोन सेकंदांची मर्यादा

नांदूर मध्यमेश्वरला करकोचे पाहायला आपण हौसेने जातो. जर्मनीत १८४८ साली जन्मलेले अभियंते ओटो लिलिएन्थाल यांनी करकोच्यांच्या उड्डाणाचा अभ्यासच केला. त्यावर १८८९ मध्ये ग्रंथ लिहिला आणि १८९१ पासून स्वतः बांधलेल्या ग्लायडरमधून टेकड्यांवरून सुमारे २,००० उड्डाणे केली.

हे ग्लायडर सावरायचे ते अंगाने. हात चौकटीत अडकलेले. कंबर आणि पाय हलवून शरीराचा भार मागेपुढे करायचा.

९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टोलन गावाजवळच्या टेकडीवर वाऱ्याने ग्लायडरचे नाक वर उचलले. वेग संपला, पंखांना हवेचा आधार उरला नाही. यालाच 'स्टॉल' म्हणतात. लिलिएन्थाल यांनी भार हलवून पाहिला. पण उंची जेमतेम १५ मीटर. तेवढ्या उंचीवरून वस्तू खाली यायला दोन सेकंदही लागत नाहीत. मेंदूने धोका ओळखून अख्खे शरीर झोकायला हा अवधी अपुरा. मानेचा मणका मोडला. दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

अनुभव कमी पडला नव्हता. शरीराची मर्यादा आड आली. आजच्या ग्लायडरला नियंत्रणाचा दांडा असतो, पण जमीन जवळ दिसली की घाबरलेला हात तो मागे ओढतो. स्टॉलमध्ये मात्र तो पुढे न्यावा लागतो. म्हणूनच शिकाऊ वैमानिकाकडून पुरेशा उंचीवर, प्रशिक्षकासोबत, मुद्दाम स्टॉल करवून घेतात. योग्य हालचाल आधीच अंगवळणी पडलेली असावी लागते. संकटात विचाराला वेळ मिळत नाही.