सबवूफरच्या बॉक्सचं गणित ज्यांनी मांडलं, त्यांना पैशांअभावी डॉक्टर व्हावं लागलं होतं

तुम्ही सिग्नलला थांबलाय. मागून एक गाडी येते. गाणं कुठलंय ते कळत नाही, पण काच थरथरते आणि छातीत धडधड व्हायला लागते. डिकीत सबवूफर बसवलाय हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण गंमत अशी की त्या धडधडीत जेवढा वाटा स्पीकरचा असतो, तेवढाच तो ज्यात बसवलाय त्या लाकडी बॉक्सचा असतो. बॉक्स चुकला की महागडा सबवूफरसुद्धा नुसता घुमतो.

म्हणून हल्ली हौशी पोरं प्लायवूडला करवत लावायच्या आधी लॅपटॉपवर विनआयएसडीसारखं सॉफ्टवेअर उघडतात. स्पीकरचे आकडे टाकायचे, बॉक्स किती लिटरचा ते टाकायचं, पोर्ट म्हणजे बॉक्सला बसवलेलं नळकांडं किती रुंद आणि किती लांब ते भरायचं. लगेच स्क्रीनवर ग्राफ येतो. कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती बेस मिळणार, ते बॉक्स बनायच्या आधीच दिसतं.

या ग्राफमागच्या गणिताचा पाया घालणारा माणूस 1894 साली वारला. तेव्हा गाडीत साधा रेडिओही नव्हता.

त्यांचं नाव हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ.

31 ऑगस्ट 1821 रोजी जर्मनीतल्या पॉट्सडॅममध्ये त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. पोराला भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण घरची परिस्थिती बेताची. मग मधला मार्ग निघाला. बर्लिनमधल्या लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षणाचा खर्च सरकार करायचं, त्या बदल्यात नंतर लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. हर्मन यांनी ते मान्य केलं.

1842 मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढं पॉट्सडॅमच्या छावणीत रुजू झाले. पण भौतिकशास्त्राचा नाद काही सुटला नाही. नोकरी सांभाळत त्यांनी प्रयोग सुरू ठेवले आणि 1847 मध्ये एक निबंध लिहिला. ऊर्जा नष्ट होत नाही, ती फक्त रूप बदलते, हे त्यात गणितानं मांडलं होतं. आज आपण हे शाळेत शिकतो. तेव्हा मात्र एका नामांकित नियतकालिकानं तो छापायला नकार दिला. शेवटी निबंध छोट्या पुस्तिकेच्या रूपात बाहेर आला. तेव्हा लेखकाचं वय होतं जेमतेम 26.

पुढं लष्कराच्या नोकरीतून मुदतीआधी सुटका झाली आणि 1849 मध्ये ते कोनिग्सबर्गला प्राध्यापक झाले. तिथं त्यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगानं जातो ते मोजलं. 1851 मध्ये जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत बघता येईल असं उपकरण जगासमोर आणलं. डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी ती क्रांतीच होती.

आता येऊ आपल्या बॉक्सकडं.

1858 मध्ये ते हायडेलबर्गला आले. या काळात त्यांच्या डोक्यात आवाज होता. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो, हे तुम्हीही करून बघितलं असेल. हेल्महोल्ट्झ यांनी त्याचं गणित मांडलं. बाटलीच्या मानेतली हवा म्हणजे वजन आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. स्प्रिंगला टांगलेलं वजन जसं आपल्याच लयीत खालीवर होतं, तशी मानेतली हवा आतबाहेर होते. पोटाचा आकार, मानेची रुंदी आणि लांबी एवढं माहीत असलं की सूर काढता येतो.

हे काम चालू असतानाच घरात मोठा आघात झाला. डिसेंबर 1859 मध्ये त्यांची पत्नी ओल्गा वारली. पदरात दोन लहान मुलं होती. 1861 मध्ये त्यांनी अ‍ॅना फॉन मोल यांच्याशी दुसरं लग्न केलं. संशोधन चालूच राहिलं आणि 1863 मध्ये संगीत आणि कान यांचं नातं उलगडणारा त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यासाठी त्यांनी पोकळ गोळे वापरले होते. गोळ्याचं एक टोक कानाला लावलं की आजूबाजूच्या आवाजातला एकच सूर मोठ्यानं ऐकू यायचा. आपले सी. व्ही. रामन यांच्यावरही याच ग्रंथाचा मोठा प्रभाव होता.

पोर्ट असलेला सबवूफर बॉक्स म्हणजे तीच बाटली. 50 लिटरचा बॉक्स घ्या, 100 चौरस सेंटीमीटर तोंडाचा पोर्ट घ्या. पोर्टची परिणामी लांबी 30 सेंटीमीटर असेल तर बॉक्स सुमारे 45 हर्ट्झला घुमतो. तीच 50 सेंटीमीटर केली की आकडा 35 च्या आसपास येतो. पोर्ट लांब केला की बेस खाली उतरतो, तो असा.

अर्थात सगळं श्रेय त्यांचंच नाही. स्पीकर आणि बॉक्स यांचा मेळ एकत्र गणितात बसवला तो नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी, ऑस्ट्रेलियात, 1960 आणि 70 च्या दशकांत. म्हणूनच सॉफ्टवेअर आपल्याकडं थील-स्मॉल पॅरामीटर मागतं. आणि ग्राफ एक धोकाही दाखवतो. बॉक्सच्या सुराच्या खाली गेलं की पोर्टमधली हवा कोनला आवर घालत नाही. तिथं आवाज वाढवला तर स्पीकर फाटू शकतो. शिवाय बंद गाडीत खालचा बेस आपोआप वाढतो, त्यामुळं घरात बरोबर वाटणारा ग्राफ गाडीत जसाच्या तसा लागू होत नाही.

1871 मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. जो विषय पैशांमुळं सुटला होता, तो पन्नाशीत हक्कानं मिळाला. तिथं त्यांच्या हाताखाली एक हुशार विद्यार्थी तयार झाला, हाइनरिश हर्ट्झ. रेडिओ लहरी प्रयोगानं सिद्ध करणारा हाच तो.

पण 1 जानेवारी 1894 ला हर्ट्झ गेला, वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी. त्याच्या शेवटच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची वेळ म्हाताऱ्या गुरूवर आली. ती लिहून झाली आणि त्याच वर्षी 8 सप्टेंबरला हेल्महोल्ट्झही गेले.

पुढच्या वेळी सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ उघडाल तेव्हा खालची आडवी रेघ बघा. तिच्यावर आकडे असतात हर्ट्झमध्ये, म्हणजे शिष्याच्या नावानं. आणि पोर्ट ज्या आकड्यावर घुमतो, तो निघतो गुरूच्या गणितानं.