ॲनी माँडर

ॲनी स्कॉट डिल माँडर (माहेरचे आडनाव रसेल, १४ एप्रिल १८६८ – १५ सप्टेंबर १९४७) या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञ होत्या. सौर डागांचा अभ्यास व ग्रहणांचे छायाचित्रण यांसाठी त्या ओळखल्या जातात. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र वऱ्हाडातील तळणी या गावी घेतलेले आहे.

== जन्म व शिक्षण ==
ॲनी यांचा जन्म टायरोन परगण्यातील स्ट्रबेन येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८९ मध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षा मानाने उत्तीर्ण झाल्या. मात्र स्त्री असल्याने त्यांना पदवी मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास सुरुवात केली ती १९४८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर.

== ग्रिनीच वेधशाळा ==
१८९१ मध्ये त्या ग्रिनीचच्या शाही वेधशाळेत गणक म्हणून रुजू झाल्या. जर्सी येथील शाळेत त्यांना वर्षाला ८० पौंड मिळत. येथे महिन्याला अवघे ४ पौंड होते. विद्येच्या ओढीने त्यांनी हे नुकसान पत्करले. सूर्याची रोज छायाचित्रे घेणे व डागांची मोजणी करणे हे त्यांचे काम होते. विभागप्रमुख एडवर्ड वॉल्टर माँडर यांच्याशी डिसेंबर १८९५ मध्ये त्यांचा विवाह झाला. ते विधुर होते आणि त्यांच्याहून १७ वर्षांनी मोठे. विवाहित स्त्रीने सरकारी नोकरीत राहू नये या तत्कालीन दंडकामुळे ॲनी यांना पद सोडावे लागले.

== तळणी येथील छायाचित्र ==
गर्टन कॉलेजने दिलेल्या संशोधन अनुदानातून ॲनी यांनी डालमेयर कंपनीचे एक भिंग घेतले. त्याचा व्यास दीड इंच व नाभीय अंतर ९ इंच होते. आकाशगंगेचा विस्तीर्ण पट्टा एकाच काचेवर टिपावा हा त्यामागील हेतू होता. नाभीय अंतर कमी असल्यास प्रतिमा लहान उमटते, पण आकाशाचा मोठा भाग एका वेळी सामावतो, आणि पसरलेला अंधुक प्रकाशही थोड्या वेळात नोंदला जातो. मोठ्या दुर्बिणीचे याच्या उलट असते : तिच्यात सूर्यबिंब मोठे दिसते, परंतु त्याच्यापासून दूरवर पसरलेले फिकट तेज चौकटीबाहेर राहू शकते.

१८९८ च्या ग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे वऱ्हाडाच्या दिशेने गेली. नॉर्मन लॉकयर यांचा तळ विजयदुर्गला होता. (ते तेथे १८६८ च्या ग्रहणास आले होते असे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही.) पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला व अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल जेऊर येथे होते. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा एक गट तळणीस उतरला. त्यात माँडर दांपत्य व जॉन एव्हरशेड होते. यापूर्वी १८९६ मध्ये नॉर्वेत ढगांनी या दांपत्याची निराशा केली होती. वऱ्हाडातील जानेवारीचे आकाश मात्र निरभ्र निघाले. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. तेवढ्या अवधीत ॲनी यांच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या किरीटातून दूरवर गेलेली एक शलाका टिपली. तोवर छायाचित्रात आलेली ती सर्वांत लांब शलाका ठरली. मोहिमेत ॲनी यांना कोणतेही शासकीय पद नव्हते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

== पुढील कार्य ==
अल्जीअर्स (१९००) व मॉरिशस (१९०१) येथील ग्रहणांचेही त्यांनी छायाचित्रण केले. १९०५ मध्ये लॅब्राडोरला पुन्हा ढग आडवे आले. सौर डाग सूर्याच्या कोणत्या अक्षांशांवर केव्हा उमटतात हे दाखवणारी फुलपाखराच्या आकाराची आकृती दोघांच्या श्रमातून सिद्ध झाली. १९०४ चा त्यावरील निबंध मात्र एकट्या वॉल्टर यांच्या नावावर आहे. १९०७ मध्ये सौर डागांवरील स्वतंत्र निबंध ॲनी यांनी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांचे 'द हेवन्स अँड देअर स्टोरी' हे पुस्तक आले. त्याच्या मुखपृष्ठावर दोघांची नावे असली तरी बहुतांश लेखन ॲनी यांचे असल्याचे खुद्द वॉल्टर यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे.

रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ मध्ये त्यांचे सदस्यत्व नाकारले होते. स्त्रियांना प्रवेश खुला झाल्यावर १९१६ मध्ये त्या निवडून आल्या. पहिल्या महायुद्धात पुरुष कर्मचारी रणांगणावर गेल्याने वेधशाळेला माणसे अपुरी पडली, तेव्हा त्या विनावेतन पुन्हा ग्रिनीचला काम करू लागल्या. १९२८ मध्ये वॉल्टर यांचे निधन झाले. ॲनी १९४७ मध्ये लंडन येथे वारल्या. चंद्राच्या पलीकडील बाजूस असलेले एक विवर माँडर या नावाने ओळखले जाते.