नेता लंडनमध्ये, सत्याग्रह नाशकात

२९ डिसेंबर हा कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा स्मृतिदिन. या दिवशी आम्ही फोटोला हार घालतो, भाषणे ठोकतो आणि घरी जातो. दादासाहेबांच्या आयुष्यातून आमच्या संघटनांनी जो धडा घ्यायचा, तो मात्र आम्ही घेत नाही.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १९०२ साली नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे गावी झाला. मोठ्या पदव्या त्यांच्याजवळ नव्हत्या. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांवर बसली. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले. मग लढा थांबला काय? नाही! बाबासाहेब पत्रांतून दिशा देत होते, पण दरवाजावर बसायला माणसे नाशकातच उभी करावी लागत होती. भाऊरावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम केले. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला देईपर्यंत लढा टप्प्याटप्प्याने चालला. मंदिराचे दार उघडले नाही, परंतु नेता समोर नसताना लढणारे कार्यकर्ते तयार झाले. १९३५ ची येवल्याची परिषद याच मातीत झाली. १९३७ साली भाऊराव मुंबई विधिमंडळात निवडून गेले.

१९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत दुरुस्त-नादुरुस्तच्या वादात फुटला. तरीही दादासाहेबांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पेटला आणि हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्या काळात खेड्यापाड्यातला माणूस दादासाहेबांच्या शब्दावर उठत होता.

इथेच आम्हाला कटू बोलावे लागते. दादासाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून बोलतो. ज्या चिटणिसाने नेत्याच्या गैरहजेरीत लढा चालविला, त्याच्याच पक्षाला पुढे त्याच्याशिवाय उभे राहता आले नाही. १९६७ मध्ये काँग्रेसशी समझोता झाला. तो चूक की बरोबर, हे ठरविण्याची ताकद खालच्या शाखांत उरली नव्हती. १९७१ ला दादासाहेब गेले आणि गटातटांचे पेव फुटले. १९७२ साली चिडलेल्या तरुणांना पक्षाबाहेर जाऊन दलित पँथर उभी करावी लागली. दोष एकट्या दादासाहेबांचा नव्हे. सगळा भार एका खांद्यावर टाकून मोकळे होणाऱ्या समाजाचाही तो आहे.

आजही तेच चालले आहे. वकिलीच्या निमित्ताने आम्ही धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो, तेव्हा आमच्याच मंडळांची भांडणे पाहतो. संस्थापक अध्यक्ष वारले, बँकेत सही त्यांचीच, इतिवृत्ताची वही त्यांच्याच कपाटात, आणि चेंज रिपोर्टवर दोन गट हरकती घेऊन उभे! घटनेत निवडणुकीचे कलम असते, पण निवडणूक कोणी घेतलेलीच नसते.

म्हणून आम्ही सुचवितो की अध्यक्षपदाला मुदत घाला. बँकेत दोघांच्या सह्या ठेवा. हिशेब विहारात सर्वांसमोर वाचा. महिन्याची एक सभा अध्यक्षांविना चालवून बघा. ती चालली नाही तर दुखणे कुठे आहे ते कळेल. भगवान बुद्धांनी आपल्या मागे कोणाही व्यक्तीला वारस नेमले नाही, धम्मालाच मार्गदर्शक केले. त्यांचे अनुयायी म्हणवून घेणाऱ्या आम्हाला एका माणसावाचून सभा भरवता येऊ नये?

या २९ डिसेंबरला हार जरूर घाला. पण त्याच दिवशी आपल्या शाखेचा पुढचा चिटणीस कोण, हेही ठरवा. जयभीम!